समकालीन कलेचे विविध आविष्कार : एक परिचय

गोषवारा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृश्यकलेचे स्वरूप आमूलाग्र बदलले. चित्र आणि शिल्प या दोन पारंपरिक प्रकारांच्या सीमा ओलांडून संकल्पनाकला, मांडणशिल्प, देहप्रयोग, व्हिडिओ कला, भूमिकला, सहभागी कला आणि डिजिटल कला असे अनेक आविष्कार पुढे आले. मराठी वाचकाला आणि विशेषतः ग्रामीण व निमशहरी भागातील विद्यार्थ्याला या आविष्कारांचा परिचय अत्यल्प आहे. प्रस्तुत लेखात या प्रकारांची वैशिष्ट्ये जागतिक व भारतीय उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केली असून त्यांच्या आस्वादाची काही सूत्रे मांडली आहेत.

बीजसंज्ञा : समकालीन कला, संकल्पना, मांडणशिल्प, देहप्रयोग, व्हिडिओ, सहभाग, आस्वाद.

प्रस्तावना

कला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चौकटीत बसवलेले चित्र किंवा चौथऱ्यावर उभा केलेला पुतळा येतो. चित्र हुबेहूब असावे, शिल्प प्रमाणबद्ध असावे आणि त्यातून कलावंताच्या हातातील कसब दिसावे, अशी आपली साधी अपेक्षा असते. ही अपेक्षा चुकीची नाही. ती शेकडो वर्षांच्या परंपरेतून तयार झाली आहे. परंतु ही अपेक्षा घेऊन एखादा विद्यार्थी मुंबईतील कलादालनात किंवा कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात शिरतो आणि समोर पत्र्याच्या ट्रंका, स्टीलची भांडी, शेणाच्या गोवऱ्या, भिंतीवर हलणारी छायाचित्रे किंवा तासन्‌तास स्तब्ध बसलेली व्यक्ती पाहतो, तेव्हा तो गोंधळून जातो. ‘यात कला ती कोणती?’ हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. बहुतेक वेळा हा प्रश्न विचारायचेही धाडस होत नाही. आपल्यालाच काही कळत नाही, अशा समजुतीने तो निमूटपणे बाहेर पडतो.

हा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नाही. समकालीन कलेतील अनेक महत्त्वाच्या कलाकृती नेमका हाच प्रश्न विचारण्यासाठी निर्माण झाल्या आहेत. म्हणून प्रेक्षकाने तो प्रश्न मनात दडपून टाकण्याऐवजी त्याच्या आधारे पुढे जावे, ही या लेखामागील भूमिका आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) ‘आधुनिक’ आणि ‘समकालीन’ या संज्ञांमधील भेद स्पष्ट करणे.
२) समकालीन कलेतील प्रमुख प्रकारांचा उदाहरणांसह परिचय करून देणे.
३) भारतीय व विशेषतः मुंबईच्या कलाविश्वातील या प्रकारांची पार्श्वभूमी समजून घेणे.
४) सामान्य प्रेक्षकासाठी आस्वादाची सूत्रे मांडणे.

‘आधुनिक’ आणि ‘समकालीन’

दैनंदिन भाषेत हे दोन्ही शब्द समानार्थी वापरले जातात. कलेच्या इतिहासात मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत. साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंतच्या, दृक्‌प्रत्ययवाद, घनवाद, अमूर्तवाद इत्यादी चळवळींमधून घडलेल्या कलेला ‘आधुनिक कला’ म्हटले जाते. भारतात १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा या आधुनिकतेचा महत्त्वाचा टप्पा होय. आधुनिक कलावंताने चित्राची भाषा बदलली. पण त्याचे माध्यम बहुतांशी रंग, कॅनव्हास, दगड आणि धातू हेच राहिले.

१९६० नंतर मात्र ‘चित्र कसे काढावे?’ या प्रश्नाची जागा ‘कला म्हणजे काय, ती कोठे असते आणि कोणासाठी असते?’ या प्रश्नाने घेतली. समकालीन कलेचा प्रारंभ सामान्यतः येथून मानला जातो. भारतात हा बदल काही प्रमाणात १९७० च्या आसपास दिसू लागला असला, तरी तो ठळक झाला तो १९९० च्या दशकात. १९९१ चे आर्थिक उदारीकरण, उपग्रह वाहिन्यांचे आगमन, ६ डिसेंबर १९९२ रोजी झालेला बाबरी मशिदीचा विध्वंस व त्यानंतरच्या मुंबईतील दंगली या घटनांनी कलावंतांना अस्वस्थ केले. जे घडत होते ते केवळ कॅनव्हासवर मावणारे नाही, अशी जाणीव अनेकांना झाली. भारतातील नव्या माध्यमांचा उदय परदेशी अनुकरणातून झाला, असे सरसकट म्हटले जाते. परंतु या पार्श्वभूमीकडे पाहिल्यास ते विधान अपुरे ठरते.

समकालीन कलेचे प्रमुख प्रकार

१. संकल्पनाकला

संकल्पनाकलेत वस्तूपेक्षा विचाराला प्राधान्य असते. तिचे मूळ १९१७ मधील एका प्रसंगात शोधले जाते. न्यूयॉर्कमध्ये शुल्क भरणाऱ्या प्रत्येक कलावंताची कलाकृती स्वीकारली जाईल असे जाहीर करून एक प्रदर्शन भरवण्यात आले होते. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने बाजारातून विकत घेतलेले चिनी मातीचे मूत्रपात्र आडवे ठेवून, त्यावर ‘आर. मट’ अशी सही करून, ‘फाउंटन’ म्हणजे कारंजे या शीर्षकाने ते पाठवले. आयोजकांनी ते प्रदर्शनात मांडले नाही. मूळ वस्तू पुढे हरवली. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर तयार करवलेल्या प्रतिकृती होत. तथापि, त्या वस्तूने उपस्थित केलेला प्रश्न हरवला नाही. कलावंताने स्वतःच्या हातांनी काही घडवले नाही, केवळ निवड केली, नाव दिले आणि संदर्भ बदलला. तर एवढ्याने कलाकृती सिद्ध होते काय?

१९६५ मध्ये जोसेफ कोसूथ याने ‘वन अँड थ्री चेअर्स’ ही कृती सादर केली. एक खरी खुर्ची, त्याच खुर्चीचे छायाचित्र आणि शब्दकोशातील ‘खुर्ची’ या शब्दाची व्याख्या असे तीन घटक त्याने शेजारी शेजारी मांडले. वस्तू, प्रतिमा आणि शब्द यांपैकी खरी खुर्ची कोणती? भारतीय वाचकाला पद आणि पदार्थ यांच्या संबंधाची शास्त्रचर्चा नवी नाही. तीच चर्चा येथे डोळ्यांसमोर उभी राहते.

अलीकडचे उदाहरण म्हणजे मॉरिझिओ कॅटेलान याची ‘कॉमेडियन’ ही कृती. २०१९ मध्ये मायामी बीच येथील कलामेळ्यात त्याने एक केळे चिकटपट्टीने भिंतीला लावले. २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात या कृतीच्या एका आवृत्तीला सुमारे ६२ लाख डॉलर मिळाले. खरेदीदाराला प्रत्यक्षात मिळाले ते प्रमाणपत्र आणि केळे कसे लावावे याच्या सूचना. केळे तर बदलावेच लागते. ही कृती कलाबाजाराची थट्टा आहे की ती स्वतःच त्या बाजाराचा भाग बनली आहे, याविषयी मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. विचाराला प्राधान्य दिले म्हणून प्रत्येक विचार मोलाचा ठरत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

२. मांडणशिल्प

इन्स्टॉलेशन या प्रकारासाठी मराठीत ‘मांडणशिल्प’ हा शब्द रूढ झाला आहे. यातील ‘शिल्प’ हे पद काहीसे दिशाभूल करणारे असले, तरी ‘मांडण’ हे पद अत्यंत अर्थपूर्ण आहे. आपण पूजा मांडतो, डाव मांडतो, दुकान मांडतो आणि संसारही मांडतो. सुट्या वस्तू एका विशिष्ट रीतीने एकत्र ठेवल्या की त्यांच्यातून एक नवा संबंध निर्माण होतो, हे ‘मांडणे’ या क्रियापदात अनुस्यूत आहे. मांडणशिल्पात नेमके हेच घडते. चित्र आपण समोरून पाहतो, शिल्पाभोवती फिरतो, तर मांडणशिल्पाच्या आत शिरतो. प्रेक्षकाचे शरीर, त्याचे चालणे आणि थांबणे हा त्या कृतीचा भाग असतो.

भारतातील मांडणशिल्पाचा विचार करताना विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांच्या ‘मेमोरियल’ या १९९३ च्या कृतीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मृतावस्थेत पडलेल्या एका अज्ञात व्यक्तीचे होशी जाल यांनी टिपलेले छायाचित्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले होते. सकाळी चहाबरोबर वाचून सायंकाळी रद्दीत टाकायच्या त्या प्रतिमेला सुंदरम यांनी पुन्हा पुन्हा हाताळले, तिच्यावर खिळे ठोकले, तिला काचेच्या आवरणात ठेवले आणि लोखंडी ट्रंकांसारख्या साध्या वस्तूंच्या साह्याने तिच्याभोवती स्मारकाची रचना केली. ज्याला नाव नाही, ज्याच्यासाठी कोणी समाधी बांधणार नाही, अशा माणसाला या कृतीने दफनाची प्रतिष्ठा दिली. चित्रापुढे उभे राहणे आणि एखाद्याच्या समाधीस्थळातून चालत जाणे, यांतील अंतर हेच मांडणशिल्पाचे सामर्थ्य होय.

मांडणशिल्पात साहित्य स्वतः बोलते. बंगळूरच्या शीला गौडा यांनी शेण, कुंकू, सुई आणि दोरा या वस्तू वापरल्या. या वस्तूंना स्त्रीच्या घरगुती श्रमाचा आणि वेदनेचा संदर्भ आपोआप चिकटलेला आहे. सुबोध गुप्ता यांच्या कृतींतील स्टीलची भांडी भारतीय मध्यमवर्गाची आकांक्षा आणि भूक दोन्ही सुचवतात. अतुल डोडिया यांनी मुंबईतील दुकानांच्या लोखंडी शटरांवर चित्रे काढली. त्यांच्या ‘महालक्ष्मी’ या कृतीत शटरवर धनाची देवता आहे. शटर वर सरकवले की आत हुंड्याच्या प्रश्नातून गळफास घेतलेल्या तीन बहिणींची प्रतिमा दिसते. दंगलीच्या काळात धडाधड खाली ओढली जाणारी शटरे ज्या शहराने पाहिली, त्या शहरातील प्रेक्षकाला हे माध्यम समजावून सांगावे लागत नाही.

जितीश कल्लाट यांच्या ‘पब्लिक नोटिस’ या मालिकेत ऐतिहासिक भाषणे हेच साहित्य झाले आहे. २००३ च्या पहिल्या कृतीत स्वातंत्र्याच्या मध्यरात्री पंडित नेहरूंनी केलेले भाषण आरशांवर चिकटद्रव्याने लिहून ते पेटवण्यात आले. जळालेली अक्षरे आणि उष्णतेने वाकलेले आरसे यांत वाचणाऱ्याला स्वतःचा विकृत चेहरा दिसतो. २००७ च्या दुसऱ्या कृतीत दांडीयात्रेपूर्वीचे महात्मा गांधींचे भाषण हाडांच्या आकाराच्या ४,४७९ तुकड्यांतून साकारले आहे. २०१० च्या तिसऱ्या कृतीत स्वामी विवेकानंदांचे ११ सप्टेंबर १८९३ रोजीचे शिकागो येथील भाषण त्याच शहरातील कलासंस्थेच्या जिन्याच्या पायऱ्यांवर विद्युत्‌दीपांनी झळकवण्यात आले. तेथे वापरलेले रंग अमेरिकेच्या दहशतवादविषयक सावधगिरीच्या पातळ्यांचे होते. सहिष्णुतेचे आवाहन आणि २००१ मधील त्याच तारखेचा हल्ला या दोन घटना पायऱ्या चढणाऱ्या प्रेक्षकाला एकत्र वाचाव्या लागतात.

३. देहप्रयोग

परफॉर्मन्स आर्ट या संज्ञेला मराठीत अद्याप सर्वमान्य पर्याय नाही. ‘प्रयोग’ हा शब्द आपल्याकडे नाटकासाठी रूढ असल्याने संभ्रम होतो; म्हणून येथे ‘देहप्रयोग’ हा शब्द योजला आहे. नाटकात नट दुसऱ्या कोणाची भूमिका करतो, संहिता असते आणि मृत्यूही खोटा असतो. देहप्रयोगात कलावंताचे स्वतःचे शरीर हेच माध्यम असते आणि थकवा, धोका, काळाचे ओझे या सर्व गोष्टी खऱ्या असतात.

१९५९ मध्ये ॲलन कॅप्रो याने न्यूयॉर्कमध्ये ‘हॅपनिंग’ या प्रकाराची सुरुवात केली. १९६४ मध्ये योको ओनो यांनी क्योटो येथे ‘कट पीस’ सादर केले. त्या शांत बसून राहिल्या आणि प्रेक्षकांनी एकेक करून कात्रीने त्यांच्या वस्त्राचे तुकडे कापले. १९७४ मध्ये मरीना अब्रामोविच यांनी नेपल्स येथे ७२ वस्तू टेबलावर ठेवल्या. त्यांत फूल होते, तशी बंदूकही होती. या वस्तूंचा आपल्या शरीरावर हवा तसा वापर करण्याची मुभा त्यांनी प्रेक्षकांना सहा तासांसाठी दिली. आरंभी सौम्य असलेला जमाव हळूहळू हिंसक होत गेला. या प्रयोगातून दिसले ते कलावंताचे नव्हे, तर प्रेक्षकांचे रूप.

भारतात रुमाना हुसेन (१९५२–१९९९) यांचे कार्य या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. १९९२ पर्यंत त्या प्रामुख्याने चित्रे काढत. त्यानंतरच्या घटनांनी मुस्लिम स्त्री म्हणून त्यांची ओळख त्यांच्यावर बाहेरून लादली गेली आणि त्यांनी आपले शरीरच कलेचे स्थळ केले. १९९५ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राच्या आवारात सादर झालेल्या ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ या प्रयोगात पायांत घुंगरू बांधून, हातात कापलेली पपई घेऊन, आवाज न करता किंकाळीसाठी तोंड उघडून त्या संथपणे चालत राहिल्या. त्या निःशब्द किंकाळीचे वर्णन करता येते. पण तिचा अनुभव त्या वेळी तेथे असणाऱ्यांनाच आला. ही देहप्रयोगाची मर्यादाही आहे आणि त्याचे सत्यही.

पुढील पिढीतील निखिल चोप्रा यांनी २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नऊ दिवस चाललेला प्रयोग केला. गोव्यात वास्तव्य असलेल्या चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे या कलाप्रकारासाठी एक स्वतंत्र केंद्रही उभारले आहे.

४. व्हिडिओ कला

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हातात धरता येईल असा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला आणि चलत्‌चित्र ही केवळ चित्रपटसंस्थांची मक्तेदारी राहिली नाही. कोरियात जन्मलेले नाम जून पाईक हे या माध्यमाचे प्रवर्तक मानले जातात. १९७४ च्या ‘टीव्ही बुद्ध’ या त्यांच्या कृतीत बुद्धाची मूर्ती समोरच्या पडद्यावर कॅमेऱ्याने टिपलेली स्वतःचीच प्रतिमा अखंड पाहत असते. आत्मचिंतन आणि आत्ममग्नता यांतील सीमारेषा किती पुसट आहे, हे त्यातून सूचित होते. हातातील भ्रमणध्वनीत स्वतःला न्याहाळणाऱ्या आजच्या पिढीला ही कृती अधिकच जवळची वाटावी.

मुंबईत याची पायाभरणी फार लवकर झाली होती. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू करून चित्रकार व चित्रपटकार यांना एकत्र आणले. सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या नलिनी मलानी यांनी तेथेच छायाचित्रण व चित्रफितींचे आरंभीचे प्रयोग केले. १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर त्यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे व्हिडिओ मांडणशिल्प तयार केले. सआदत हसन मंटो यांच्या फाळणीवरील कथेचा संदर्भ घेऊन त्यांनी पत्र्याच्या ट्रंकांमध्ये दूरचित्रवाणी संच ठेवले. निर्वासितांच्या सामानाची ट्रंक आणि अणुस्फोटाची दृश्ये यांच्या सान्निध्यातून फाळणी हा संपलेला इतिहास नाही, हे प्रेक्षकाला उमगते. सुंदरम यांच्या कृतीतही ट्रंक आहे, हे येथे आठवावे. एक साधी घरगुती वस्तू दोन कलावंतांच्या हाती स्थलांतराचे व हानीचे प्रतीक होते.

५. भूमिकला आणि क्षणभंगुरता

१९७० मध्ये रॉबर्ट स्मिथसन याने अमेरिकेतील युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात काळे दगड व माती यांचा सुमारे १,५०० फूट लांबीचा सर्पिलाकार बांध घातला. ‘स्पायरल जेटी’ नावाची ही कृती पाण्याची पातळी वाढल्याने अनेक वर्षे बुडालेली होती आणि अवर्षणाच्या काळात ती पुन्हा वर आली. ही कृती विकत घेऊन घरी नेता येत नाही. ती निसर्गाच्या स्वाधीन असते.

कलाकृती नाहीशी होणे ही कल्पना भारतीय मनाला अपरिचित नाही. दारातील रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, मातीच्या गणपतीचे विसर्जन होते, वारली लग्नघरातील चौक त्या विवाहापुरता असतो. मात्र विधीतील क्षणभंगुरता आणि कलावंताने विचारपूर्वक स्वीकारलेली क्षणभंगुरता यांत फरक केला पाहिजे. पहिलीत परंपरेचे आश्वासन असते. पुढच्या वर्षी गणपती पुन्हा येणार असतो. दुसरीत मात्र काहीतरी कायमचे जाणार असल्याचा इशारा असतो. नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनाच्या भिंतींवर थेट चित्रे रेखाटली आणि प्रदर्शन संपताच ती पुसून टाकली. नाथद्वारा येथील जुन्या भित्तिचित्रांच्या होत असलेल्या नाशाकडे त्यांना लक्ष वेधायचे होते.

या संदर्भात डहाणू परिसरातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. विधीचा भाग असलेल्या वारली चित्रकलेला त्यांनी व्यक्तिगत निर्मितीचे रूप दिले. १९८९ मध्ये पॅरिस येथील ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती आणि २००३ मध्ये ब्रिटिश भूमिकलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथे त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. ज्याला आपण ‘लोककला’ किंवा ‘आदिवासी कला’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवतो, तो कलावंतही आपला समकालीनच असतो. समकालीनतेची कसोटी माध्यमाच्या नावीन्यात नसून काळाशी असलेल्या नात्यात आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

६. सार्वजनिक आणि सहभागी कला

जर्मन कलावंत जोसेफ बॉइस याने १९८२ मध्ये कासेल शहरात ७,००० ओक वृक्ष लावण्याचा प्रकल्प सुरू केला. प्रत्येक झाडाशेजारी एक दगडी स्तंभ उभारायचा होता. बॉइसच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये, शेवटचे झाड लावले गेले. येथे कलाकृती म्हणजे झाड, दगड, ते लावणारे नागरिक आणि वाढत जाणारा काळ या सर्वांचा समुच्चय होय.

भारतात नवज्योत अल्ताफ यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून छत्तीसगडमधील बस्तर भागात स्थानिक आदिवासी कलावंतांसमवेत केलेले काम असेच लक्षणीय आहे. कोंडागाव परिसरातील हातपंपांभोवती त्यांनी ‘नळपार’ या रचना उभारल्या. पाणी भरणाऱ्या स्त्रियांना हंडा टेकवता यावा, तो उचलताना कंबर कमी वाकावी, सांडलेले पाणी साचू नये, याचा विचार त्यांत आहे आणि जोडीला स्थानिक आकृतिबंधही आहेत. ही कला की समाजकार्य, असा प्रश्न विचारला जातो. परंतु विहिरीच्या काठावर किंवा घाटाच्या पायरीवर कोरीव काम करणाऱ्या आपल्या पूर्वजांना उपयुक्तता आणि सौंदर्य यांत असा दुरावा जाणवला नसावा.

मुंबईत २०१७ मध्ये १८७५ साली बांधलेल्या ससून गोदीत भित्तिचित्रे व मांडणशिल्पे यांचा मोठा प्रकल्प झाला. तेथे राबणाऱ्या माणसांची भव्य छायाचित्रे भिंतींवर लावण्यात आली. एरवी कलादालनाची पायरी न चढणाऱ्यांनी आपले चेहरे तेथे पाहिले. अर्थात रंगवलेल्या भिंतींमुळे वस्तीचे मूलभूत प्रश्न सुटत नाहीत, ही टीकाही दुर्लक्षिता येणार नाही.

७. ध्वनी आणि डिजिटल माध्यम

शिल्पा गुप्ता यांच्या ‘फॉर, इन युवर टंग, आय कॅनॉट फिट’ (२०१७-१८) या कृतीत लेखनामुळे वा विचारांमुळे कारावास भोगलेल्या १०० कवींच्या ओळी १०० ध्वनिक्षेपकांतून ऐकू येतात आणि प्रत्येकाखाली टोकदार सळईत खोचलेला एक कागद असतो. बोलण्यासाठी असलेले यंत्र येथे ऐकवणारे झाले आहे. अंधारात फिरणाऱ्या प्रेक्षकाला न समजणाऱ्या भाषेतील आवाजही थांबवून ठेवतो.

संगणकाधिष्ठित कलेने मूळ प्रत आणि नक्कल हा भेदच अस्थिर केला. २०२१ मध्ये बीपल या नावाने काम करणाऱ्या कलावंताच्या केवळ संगणकीय स्वरूपातील कृतीला लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलर मिळाले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमांमुळे तर निर्माता कोण, हाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. १९१७ मध्ये द्युशाँने विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनंतर वेगळ्या वेषात परत आला, असे म्हणता येईल.

आस्वादाची काही सूत्रे

समकालीन कलाकृतीसमोर ‘हे काय आहे?’ असे विचारून थांबण्याऐवजी पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१) कलाकृती कोणत्या साहित्याची आहे आणि ते साहित्य एरवी आपल्या जीवनात कोठे भेटते?
२) ती कोठे मांडली आहे? जागा बदलल्यास तिचा अर्थ बदलेल काय?
३) प्रेक्षक म्हणून आपल्याकडून काय अपेक्षित आहे : पाहणे, चालणे, ऐकणे की काही करणे?
४) ती किती काळ टिकणार आहे?
५) ती केव्हा निर्माण झाली आणि त्या सुमारास समाजात काय घडत होते?

‘महालक्ष्मी’ या कृतीला हे प्रश्न लावून पाहावेत. साहित्य दुकानाचे शटर. ते एरवी रस्त्यावर, व्यापाराच्या तोंडाशी भेटते. शटर वर केल्याखेरीज आतील प्रतिमा दिसत नाही, म्हणजे उघडण्याची क्रिया अर्थाचा भाग आहे. बाहेर लक्ष्मी आणि आत तीन मृत मुली. घरातील लक्ष्मी मानल्या गेलेल्या मुलींचा पैशापायी झालेला अंत. एवढे कळण्यासाठी कोणत्याही पाश्चात्त्य सिद्धांताची गरज पडत नाही. निरीक्षण आणि स्वतःच्या समाजाचे भान एवढी सामग्री पुरेशी ठरते.

हे प्रश्न विचारूनही एखादी कृती काहीच देत नसेल, तर ती नाकारण्याचा अधिकार प्रेक्षकाला निश्चितच आहे. मात्र न पाहता नाकारणे आणि पाहून नाकारणे यांत मूलभूत अंतर आहे.

काही आक्षेप व मर्यादा

समकालीन कलेवरील तीन आक्षेप प्रामुख्याने विचारात घ्यावे लागतात. पहिला, ती भिंतीवरील लांबलचक मजकुराशिवाय समजत नाही. हा आक्षेप अंशतः खरा आहे. ज्या कृतीत मजकूर काढून घेताच काहीच उरत नाही, ती कृती दुबळीच मानावी लागेल. दुसरा, तिचे मूल्य बाजार ठरवतो. येथे किंमत आणि मूल्य यांत गल्लत होऊ न देणे हाच उपाय होय. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : ही कला महानगरांतील इंग्रजी जाणणाऱ्या वर्गापुरती मर्यादित राहिली आहे. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातील विविध शहरांत नेले, ते ही दरी ओळखूनच. द. ग. गोडसे यांचे कलाविषयक लेखन आणि प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) यांसारखी पुस्तके मराठीत आहेत. पण नव्या माध्यमांविषयी सुबोध मराठी लेखन अजूनही तुरळकच आढळते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की समकालीन कलेतील विविध प्रकार ही केवळ माध्यमांची यादी नाही. संकल्पनाकलेने कलेच्या व्याख्येला, मांडणशिल्पाने जागेला, देहप्रयोगाने शरीराला, व्हिडिओने काळाला, भूमिकलेने टिकाऊपणाला, सहभागी कलेने कर्तृत्वाला आणि डिजिटल कलेने मूळ प्रतीच्या कल्पनेला प्रश्न विचारले. भारतात हे प्रश्न फाळणी, दंगली, हुंडा, पाणी आणि स्थलांतर यांसारख्या आपल्या जीवनातील अनुभवांशी जोडले गेले. म्हणूनच ही कला परकी नाही; तिच्याविषयी आपल्या भाषेत पुरेसे बोलले गेलेले नाही, एवढेच.

महाविद्यालयीन पातळीवर यासाठी काही गोष्टी सहज शक्य आहेत. सहलीच्या कार्यक्रमात एखाद्या कलादालनाचा समावेश करावा, इतिहास, समाजशास्त्र व मराठी या विषयांच्या अध्यापनात कलाकृतींचा साधन म्हणून उपयोग करावा आणि विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या कृतींवर मराठीत टिपणे लिहवून घ्यावीत. दंगलीच्या अभ्यासात ‘मेमोरियल’ची आणि फाळणीच्या अभ्यासात मलानी यांच्या ट्रंकांची चर्चा झाली, तर पाठ्यपुस्तकातील तारखांना माणसाचा चेहरा लाभेल. ‘यात कला ती कोणती?’ हा विद्यार्थ्याचा प्रश्न वर्गात मोठ्याने विचारला जाणे, ही त्याची पहिली पायरी ठरेल.